मार खायचे चौदा लाख

अभिनंदन! अमेरिकेतल्या एका मध्यम वकुबाच्या सरकारी विद्यापीठाचं अध्यक्षपद तुमच्या पदरात पडलंय. लायब्ररीचं छत गळतंय, इतिहास विभागात तीन जागा रिकाम्या आहेत आणि फुटबॉलच्या टीमने गेल्या वर्षी बारापैकी एक मॅच जिंकली. टेबलावरच्या पहिल्याच फायलीत कुण्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने विचारलंय, ही टीम आपल्याला परवडते का? फाइल बंद करा. असले प्रश्न रिटायर व्हायला आलेली माणसंच विचारतात.

(कोल्हापूरकरांनी हुरळून जाऊ नये. हा हाताने खेळायचा फुटबॉल आहे. चेंडू लांबुळका, पायाशी त्याचा संबंध अधूनमधून, सणासुदीपुरता.)

आधी हिशेब शिका. तिकिटं, टीव्हीचे पैसे, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या सगळं धरलं तरी खर्चाचं तोंड मिटत नाही. मिटणार कसं? नुसत्या स्कॉलरशिपवरचे खेळाडूच कित्येक वर्षं 85 असायचे, त्यावर कोच, त्या कोचचे कोच, बसगाड्या, विमानं. मग काय करायचं, तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या बिलात ॲथलेटिक फी लावायची आणि ती खेळ विभागाच्या ‘उत्पन्ना’त दाखवायची. विद्यापीठाच्या मूळ तिजोरीतून तुम्ही जे ओतता, तेही उत्पन्नच. वर्षाअखेरीस केंद्र सरकारला जे आकडे जातात, त्यांत कित्येक कॉलेजांचा जमा आणि खर्च शेवटच्या डॉलरपर्यंत सारखा निघतो. आपल्या गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदाराला हे आयुष्यात जमलं नाही, त्याचे चार रुपये तरी इकडेतिकडे होतात.

माझा भाचा अशाच एका विद्यापीठात एमएसला गेला. पहिल्या सेमिस्टरच्या बिलाचा फोटो बहिणीने नाशिकहून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. ट्यूशन, हेल्थ इन्शुरन्स, टेक्नॉलॉजी फी आणि खाली ॲथलेटिक फी. “दादा, हे जिमचे पैसे का रे?” म्हटलं, नाही, जिमचे वेगळे, वरच्या ओळीत बघ. थोडा वेळ काही आलं नाही. मग आलं, “पण हा तर खेळत नाही.” तिला म्हटलं, म्हणूनच भरायचे. जो खेळतो त्याची फी माफ असते.

आता कमाईचा खात्रीचा धंदा सांगतो. मार खायची सुपारी घ्या. मिशिगन, ओहायो स्टेट असल्या मोठ्या विद्यापीठांना सीझनच्या सुरुवातीला घरच्या मैदानावर हरवायला कुणीतरी गरीब लागतं, आणि त्या गरिबाला ते रोख मोजतात. 2007 मध्ये मिशिगनने ॲपलाचियन स्टेट नावाच्या खालच्या विभागातल्या टीमला चार लाख डॉलर देऊन बोलावलं. आता भाव वाढलाय. 2022 मध्ये नेब्रास्काने जॉर्जिया सदर्नला चौदा लाख तेवीस हजार दिले. 2024 मध्ये नॉत्र दामने नॉर्दर्न इलिनॉयला चौदा लाख. पोरांनी बसमधून उतरायचं, लाखभर लोकांसमोर साठ मिनिटं तुडवून घ्यायचं आणि चेक घेऊन परतायचं.

एकच धोका. कधीकधी पोरं ऐकत नाहीत आणि जिंकतात. वरच्या तिन्ही मॅच पाहुण्यांनीच मारल्या: 34-32, 45-42 आणि 16-14. पैसे मोजून पराभव विकत घ्यायचा म्हणजे काय असतं, ते नेब्रास्काला विचारा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कोच स्कॉट फ्रॉस्टला काढलं आणि त्याच्या करारापोटी दीड कोटी डॉलर कबूल केले. 1 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तीन आठवडे कळ काढली असती, तर निम्म्यात भागलं असतं. पण अब्रू कॅलेंडर बघत नाही. तुमच्या आवाक्यात एवढा राग नाही, तेव्हा कोचला पुढच्या पाच वर्षांचा करार आत्ताच देऊन ठेवा. काढताना रक्कम बरी दिसते.

प्रेक्षक येत नाहीत म्हणून हातपाय गाळू नका. पूर्वी वरच्या विभागात राहायचं तर दोन वर्षांतून एकदा तरी सरासरी पंधरा हजारांची हजेरी दाखवावी लागायची. हजेरी म्हणजे माणसंच असं नाही, विकलेली तिकिटंही चालायची. मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावच्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाने पेप्सीच्या करारातून आलेल्या पैशांतून स्वतःचीच तिकिटं विकत घेतली, तिकिटामागे तीन डॉलर या दराने. विकणारे तेच, घेणारे तेच. खुर्चीत कुणी नाही, पण रजिस्टरात हाऊसफुल्ल. दहावीच्या वर्गात पटावर साठ आणि बाकावर बारा, हे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

याच विद्यापीठाने 2014 मध्ये मैदान करडं करून घेतलं आणि त्याला ‘द फॅक्टरी’ नाव दिलं. नवा कोच आला. खेळाडू हातात घण घेऊन यायचे, समोर रचलेली सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत फोडायचे आणि धुरळ्यातून मैदानात घुसायचे. दृश्य खरोखर अंगावर काटा आणणारं. भिंत फुटली, समोरच्या टीम फारशा फुटल्या नाहीत. त्या वर्षी बारापैकी दोन. पुढच्या वर्षी एक.

मग 2016 मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आकडेमोड करून सांगितलं, की एवढ्या वरच्या विभागातला फुटबॉल आपल्याला झेपत नाही. विश्वस्तांनी नाही म्हटलं. आणि काय योगायोग, त्याच सीझनला टीमने सात मॅच जिंकल्या आणि बहामाजला बोल गेम, म्हणजे सीझननंतरची निमंत्रणाची मॅच, खेळायला गेली. तिथे हरली, पण समुद्र पाहिला. हा दाखला लॅमिनेट करून खिशात ठेवा. पुढची वीस वर्षं कुणीही हिशेब मागितला की काढायचा. वारीच्या वाटेवर एकदा पाऊस पडला, म्हणून दरवर्षी छत्र्या विकायला बसणारा माणूस मी पाहिलाय, त्याच्या तोंडावर असंच समाधान होतं.

मोठं व्हायचं असेल तर वरच्या विभागात उडी मारा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने 2012 मध्ये मारली. घरच्या मॅच कुठे? ॲमहर्स्टपासून दीडशे किलोमीटरवर फॉक्सबरोला, व्यावसायिक टीमच्या 68 हजारांच्या स्टेडियममध्ये. म्हणजे पुण्यातल्या कॉलेजने घरची मॅच वानखेडेवर ठेवायची आणि होस्टेलच्या पोरांनी एक्सप्रेसवेवरून जाऊन टाळ्या वाजवायच्या. पहिल्या वर्षी बारापैकी एक जिंकली. दुसऱ्या वर्षीही एकच. सातत्य म्हणतात ते हेच.

टीम बंद मात्र करू नका. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाने डिसेंबर 2014 मध्ये ती चूक केली. सल्लागार नेमले, अहवाल आणला, परवडत नाही म्हणून टीम गुंडाळली. अध्यक्षांवर गाव एवढं उसळलं, की सहा महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. देणग्या धडाधड आल्या, 2017 मध्ये टीम परत मैदानात. जिवंत असताना जे लोक तिकीट काढत नव्हते, त्यांनी तेराव्याला वर्गणी दिली. तेव्हा फारच अडचण आली तर बंद करतो अशी नुसती धमकी द्या, भागून जाईल.

आणि शिकागो विद्यापीठाचं उदाहरण कुणी देईल. रॉबर्ट हचिन्स या अध्यक्षाने 1939 मध्ये फुटबॉल बंद केला. टीम साधीसुधी नव्हती. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी पहिली हाइसमन ट्रॉफी 1935 मध्ये तिथल्याच जे बरवँगरने नेली होती. मग त्या रिकाम्या स्टेडियमच्या गॅलरीखाली 2 डिसेंबर 1942 रोजी शास्त्रज्ञांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. बघा, फुटबॉल बंद केला की रिकामटेकड्या प्राध्यापकांना काय काय सुचतं! तुमच्या फिजिक्स विभागावर लक्ष ठेवा.

2025 पासून तर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. पहिल्या वर्षाची मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलर. मर्यादा आहे, सक्ती नाही. पण शेजारच्याने शालू घेतला की आपल्या घरातली पैठणी जुनी दिसायला लागते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. इतिहासाच्या त्या तीन जागा आहेतच. रिकाम्याच आहेत ना?

भाचा पास झाला, नोकरीला लागला. शिकत असताना एकच मॅच पाहिली होती त्याने, तीही फुकट पिझ्झा होता म्हणून. मध्यंतरासाठी थांबला, पिझ्झा संपला, निघाला. गेल्या महिन्यात कॉलेजातून फोन आला, एक गोड आवाजाची मुलगी फुटबॉलसाठी देणगी मागत होती. याने पन्नास डॉलर दिले.

“अरे, पण का?” मी विचारलं.

“मामा, पुढच्या वर्षी आपली ओहायो स्टेटशी मॅच आहे,” तो म्हणाला. “आपली” म्हणाला.