शाळेच्या वाटेसाठी वेगळे लेखाशीर्ष हवे

महापालिका असो की जिल्हा परिषद, अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा त्यात रस्ते, गटारे, पथदिवे, उद्याने यांची लेखाशीर्षे, म्हणजे खर्चाच्या स्वतंत्र नोंदी, असतात. पण मुलांनी चालत किंवा सायकलने सुखरूप शाळेत पोहोचावे यासाठी म्हणून वेगळी ठेवलेली रक्कम आपल्या सांगलीच्या कुठल्याही अंदाजपत्रकात माझ्या पाहण्यात आलेली नाही. शाळेत शिकवत असल्यामुळे शाळा भरताना आणि सुटताना फाटकाजवळ उभे राहण्याचे काम माझ्याकडे असते, आणि ज्या कामाला लेखाशीर्ष नाही ते काम कोणाचेच नसते, हे मी तिथे रोज पाहते.

आमच्या फाटकासमोर पदपथ आहे, पण त्यावर आधी विजेची डीपी, मग नारळपाण्याचा गाडा आणि त्यापुढे लावलेल्या दुचाकी असल्यामुळे मुले पदपथावरून उतरून डांबरावरून चालतात. झेब्रा पट्टे मागे कधीतरी मारले होते, ते आता फक्त कडेला दिसतात. सातवी-आठवीची मुले सायकलवरून आली की गटाराच्या तुटलेल्या झाकणाला वळसा घालण्यासाठी एकदम रस्त्याच्या मध्यावर येतात, आणि मागून येणाऱ्या चालकाला ती का वळली हे कळायलाही वेळ मिळत नाही.

शहराबाहेरची परिस्थिती याहून बिकट आहे. बुधगाव, माधवनगर, हरिपूर, कसबे डिग्रज या गावांकडून सांगलीला सायकलने येणारी मुले आजही आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते आणि साइडपट्टी खचलेली असल्याने सायकलवाल्या मुलाला उतरायला जागाच राहत नाही. हिवाळ्यात सकाळच्या सत्राची मुले अंधार असतानाच घराबाहेर पडतात, आणि मागच्या ट्रॉलीला परावर्तक पट्टी नसेल तर ती अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. कारखान्याने पट्टी लावल्याशिवाय ट्रॉलीचे वजनच करू नये, असा नियम काटेकोरपणे पाळला तर त्याला महापालिकेचा एक रुपयाही लागणार नाही.

शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. म्हणजे मूल चालत किंवा सायकलने जाईल हे शासनानेच गृहीत धरले आहे. मुलींना सायकली देण्यासाठी शासनाच्या योजना आहेत, जिल्हा परिषदाही स्वनिधीतून सायकली देतात, आणि त्या योजनांचे मला मनापासून कौतुक आहे. मात्र सायकल दिल्यावर ती जिथे चालवायची त्या रस्त्याचा विचार त्याच योजनेत होत नाही. परिणामी सुस्थितीतील पालक मुलांना व्हॅनने पाठवतात, काही पालक तर नववीतल्या मुलाच्या हाती मोपेड देतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे माहीत असूनही ते तसे करतात, कारण सायकल त्यांना अधिक धोक्याची वाटते. सांगली-मिरजेसारख्या सपाट शहरात पालकांवर ही वेळ यावी, याचे मला फार वाईट वाटते.

डेन्मार्कमधील ओडेन्स शहराने १९७० च्या दशकात शाळांच्या वाटा सुरक्षित करण्याचे काम हाती घेतले. अमेरिकेने २००५ मध्ये कायद्यानेच त्यासाठी स्वतंत्र निधी ठेवला आणि त्यातून पदपथ, ओलांडणीच्या जागा, सायकल मार्ग तसेच मुलांचे व पालकांचे प्रशिक्षण यांवर खर्च केला. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: पैसा शाळेच्या नावाने राखून ठेवला होता.

राखीव निधीची पद्धत आपल्याला नवी नाही. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीचे बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीच) आणि अबंधित असे भाग केले, आणि अबंधित भागातून गावाला आपल्या गरजेची कामे घेता आली. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे, त्याशिवाय जिल्हा नियोजन समिती आहे. या पैशातून पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट, स्वागत कमानी आणि ओपन जिम होतात, तर शाळेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पदपथ का होऊ नये?

काम करायचे तर ते नीटही व्हायला हवे. आपल्याकडे गतिरोधक म्हणून डांबराचा उंचवटा टाकतात आणि त्यावर सायकलवरची मुलेच आधी पडतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे वाहनाचा वेग कमी होतो पण सायकल उलटत नाही. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते, आणि डीपी किंवा खांब हलवण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरला नाही तर ती जागा कधीच मोकळी होत नाही.

दुसरी अडचण मालकीची आहे. एकाच शाळेच्या वाटेवर काही भाग महापालिकेचा, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि काही जिल्हा परिषदेचा असतो, आणि पालकांचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्याकडे जात राहतो. या सर्व यंत्रणा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत एकत्र बसतात, म्हणून शाळांच्या वाटांचा विषय प्रत्येक बैठकीत कायम ठेवावा, अशी माझी मागणी आहे.

त्यासाठी शाळांनीही तयारीने जायला हवे. मुले कुठून येतात, कुठे रस्ता ओलांडतात, कुठे सायकलवरून उतरून चालावे लागते, हे मुलांनाच विचारून एका नकाशावर मांडता येते, आणि भूगोलाच्या तासात हे काम सहज होईल. आमच्या पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत मी हा नकाशा आणि महापालिका आयुक्तांच्या नावे एक निवेदन ठेवणार आहे. इतर शाळांतील शिक्षकांना आणि पालकांना त्याचा मसुदा हवा असेल तर जरूर कळवावे. सगळ्या शाळांची निवेदने अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी एकत्र गेली तर निदान पुढच्या वर्षी या कामाला एक ओळ तरी मिळेल.