पाचशेची ‘वाइड’ घ्या, पण वाइड म्हणून नको

शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारी सुरू झाली की बेळगावच्या फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. सांगणं असं: पाचशे-सातशे रुपयांची ‘०.४५एक्स वाइड अँगल विथ मॅक्रो’ नावाची जोडकाच घ्या, किट लेन्सच्या (कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सच्या) तोंडावर फिरवून बसवा, १८ मिमीची लेन्स थेट ८ मिमी होते, म्हणजे खूप रुंद दृश्य मावतं. महागड्या अल्ट्रावाइड लेन्सवर पैसे घालणारे वेडे, गल्लीत मागं सरकायला जागा नसते तिथं हीच काच पाहिजे. मॅक्रोलाही (छोट्या वस्तूचा अगदी जवळून मोठा फोटो घ्यायला) ती चालते, पण ते आपलं खेळणं, ‘खरी मॅक्रो’ नव्हे. जोडल्यावर दोन स्टॉप प्रकाश जातो (चौथा हिस्साच उरतो), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा. कुठल्याही कॅमेऱ्याला बसते. आणि क्लोज-अपच्या काचा जितक्या एकावर एक चढवाल तितकं बरं.

कौतुक केलंय ते वाइडचं आणि हिणवलंय ते मॅक्रोला. नेमकं उलटं पाहिजे होतं.

आधी वाइडचं बघू. १८ गुणिले ०.४५ म्हणजे ८.१, हे गणित बरोबर आहे. पण ते काचेवर कोरलेल्या आकड्याचं गणित, आणि स्वस्त मालात कोरलेला आकडा आणि प्रत्यक्षात मिळणारा कोन यांचं जुळेलच असं नाही. त्यातून १८ वर लेन्स ठेवली की चारी कोपरे काळे. ते घालवायला झूम २४ पर्यंत न्यावा लागतो. मग काळं जातं, पण कोपऱ्यातली माणसं ओढल्यासारखी पुसट दिसतात. हे कोपरे कापून टाका, उरलेलं चित्र किट लेन्सच्या साध्या १८ मिमीपेक्षा फारसं रुंद राहत नाही. मग मिळवलं काय?

किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन बघा. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली बस्ती, म्हणजे जैन मंदिर. मंडपातले ते काळे गुळगुळीत खांब कडेला आले की धनुष्यासारखे बाहेर वाकतात. ही वाक सॉफ्टवेअरनं थोडी सरळ करता येते, पण पुसलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. अशा ठिकाणी फुकटचा उपाय जास्त कामाचा: कॅमेरा उभा धरा, एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बांधून ठेवा, आणि एकमेकांवर तिसरा हिस्सा येईल असे चार-पाच फोटो डावीकडून उजवीकडे घ्या. ह्यूगिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते जोडून देतं. खांब कुठं पळून जात नाहीत.

मिरवणुकीत मात्र माणसं पळतात, तिथं जोडाजोडी चालत नाही, हे कबूल. म्हणूनच फॉरवर्डवाला म्हणतो, गल्लीत मागं सरकायला जागा नाही, तिथं हीच काच पाहिजे. आता रात्रीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. हॅलोजन थेट समोर, चित्ररथावर एलईडी, आजूबाजूला अंधार. उजेड कमी म्हणून तुम्ही ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडणार, आणि या काचा सगळ्यात वाईट चालतात त्या उघड्या ॲपर्चरवरच. काचेवरचं चकाकी मारणारं कोटिंग नावापुरतं, त्यामुळं प्रत्येक दिव्याची एक हिरवट सावली फोटोच्या दुसऱ्या बाजूला तरंगते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडलात तर त्या जाड काचेची अर्धगोल सावली खालच्या बाजूला पडते, महाराजांच्या घोड्याचे पाय गायब! त्यापेक्षा १८ वरच ठेवा, चार पावलं आधीच्या कोपऱ्यावर उभे राहा, रथ वळताना घ्या.

दिवसा, ८ किंवा ११ ॲपर्चरवर (म्हणजे छिद्र लहान करून), विषय मधोमध असेल तर वाइड चालून जाते. स्केटिंगच्या रिंकवर पोरांचा व्हिडिओ काढणाऱ्यांना तो फुगीर लूकच हवा असतो, आणि फुल एचडीला जेमतेम दोन मेगापिक्सेल लागतात, पुसटपणा खपून जातो. एवढंच तिचं राज्य.

आता मॅक्रोचा, म्हणजे मागचा तुकडा. ही काच दोन तुकड्यांची असते, मधल्या आट्यांवर फिरवली की सुटते. पुढचा जाड तुकडा चित्र आकसून रुंद दाखवणारा, मागचा फुगीर भिंगाचा. तो मागचा तुकडा एकटा लेन्सवर लावला की झाली क्लोज-अप लेन्स. फॉरवर्ड याला खेळणं म्हणतो. हिशेब करून बघा की. मॅक्रोची रूढ कसोटी म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटणं, १:१. मूळ लेन्स अनंतावर फोकस केली असेल तर मिळणारा आकार म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्यावरचा मिमीचा आकडा) भागिले क्लोज-अप काचेची फोकल लेंग्थ. +४ पॉवरची काच (चष्म्याच्या नंबरासारखा आकडा) म्हणजे २५० मिमी. ती १८-५५ वर ५५ ला लावली तर ०.२२, किरकोळ. तीच कॅननच्या ५५-२५० वर २५० ला लावा: पूर्ण १:१, तेही २५ सेंमी लांबून. डबल किट (दोन लेन्सचा संच) घेतलेल्या कित्येकांच्या बॅगेत ही लेन्स धूळ खात पडलेली असते, आणि तिच्या आट्या ५८ मिमीच्या, कॅननच्या किट लेन्सएवढ्याच.

तुमच्या तुकड्यावर पॉवर लिहिलेली नसेल तर मोजा. खिडकीसमोरच्या भिंतीशी काच धरा, बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र भिंतीवर स्वच्छ उमटेपर्यंत मागंपुढं करा, पट्टीनं अंतर घ्या. १०० भागिले ते सेंटीमीटर म्हणजे पॉवर. साडेबारा आले तर +८. तेवढ्याच अंतरावर, लेन्स अनंतावर असताना, तुमचा बेडूक बसलेला असायला पाहिजे. खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात फिरणाऱ्यांना हे अंतर किती महत्त्वाचं ते सांगायला नको: दहा सेंमीवर कॅमेरा नेईपर्यंत बेडूक राहत नाही, पंचवीसवर बहुतेक वेळा राहतो.

पण काच तीच, स्वस्तातली, एकेरी. मग मॅक्रोत कशी चालते? कारण तिचे दोष कडांना जास्त असतात. बेडकाच्या डोळ्यावर फोकस आहे, डोळा मधोमध आहे, कडेला असतं ते आधीच धूसर झालेलं गवत. १:१ ला ॲपर्चर ११ ठेवलं तरी फोकसमध्ये एक मिलिमीटरही येत नाही. कडा खराब झाल्या तरी विचारतो कोण? वाइडमध्ये मात्र कडांसाठीच तर काच लावलेली असते.

याला अपवाद सपाट वस्तूंचा, आणि आपल्याकडं तो नेहमीचा आहे. शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्या ऑनलाइन विकणारे विणीचा जवळून फोटो मागतात. पदर टेबलावर ताणून घेतलात तर मधली वीण धागा न् धागा दिसते, आणि कडेच्या जरीला एका बाजूनं जांभळी, दुसऱ्या बाजूनं हिरवी किनार येते, जी साडीत नाहीच. गिऱ्हाईक रंगावरून भांडतं ते वेगळंच. इथं ट्रायपॉड, ॲपर्चर ११, आणि मधला भागच ठेवून बाकी कापणं. रोजचंच काम असेल तर एकाहून जास्त काचा जोडून रंगदोष मारलेली ॲक्रोमॅट घ्या, कॅननची ५००डी नावाची क्लोज-अप काच (त्याच नावाचा कॅमेरा नव्हे, +२) किंवा रेनॉक्स डीसीआर-२५० (+८). किंवा ५० मिमीच्या लेन्सवर एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. ट्यूबमध्ये काचच नसते, मग काचेचा नवा दोष येणार कुठून?

प्रकाशाची थाप याच ट्यूबवरून आली असावी. ट्यूबनं १:१ ला दोन स्टॉप जातात, हे खरं. पुढं लावलेल्या क्लोज-अप काचेनं जवळपास काहीच जात नाही. फोटो काळा येतो तो तुमच्या डोक्याची आणि लेन्सची सावली विषयावर पडते म्हणून. बाजूनं पांढरा कागद धरा.

‘कुठल्याही कॅमेऱ्याला बसते’ हे तर साफ खोटं. लेन्सच्या तोंडाशी गोल छेदलेल्या खुणेपुढं (⌀) तोंडाच्या व्यासाचा मिमीतला आकडा असतो, तो बघा: निकॉनच्या जुन्या १८-५५ ला ५२, नव्या एएफ-पी ला ५५, कॅननच्या ५० मिमी एसटीएमला ४९. काच मोठी असेल तर स्टेप-अप रिंग (लहान तोंडावर मोठी काच बसवणारी कडी) लावून भागतं. उद्यमबागेत लेथवर रिंग काढून घ्यायची हौस असेल तर आटे ०.७५ पिचचे सांगा. पण तयार रिंग त्याहून स्वस्त पडेल. फोकस करताना ज्यांचं तोंडच फिरतं अशा जुन्या किट लेन्सवर जाड वाइड लावून ऑटोफोकस चालवू नका, मोटर बिचारी ओढत बसते. मोबाइलच्या क्लिपचंही तेच, ती मुख्य कॅमेऱ्यावर बरोबर बसली पाहिजे. आणि जवळ नेल्यावर फोन आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारत असेल तर ते सेटिंग बंद करा.

राहिला काचांचा मनोरा. पॉवरची बेरीज होते, +२ आणि +४ मिळून +६, पण दोषांचीही होते. दोनच्या वर जाऊ नका, आणि जास्त पॉवरची काच लेन्सच्या बाजूला ठेवा.