मांजर कुठेही जगते म्हणे!

सकाळी सात वाजता आत्याचा फोन. "अगं, मनीचं ते ऑपरेशन राहू दे. एक मेसेज आलाय, तो वाच आधी." मनी ही आत्याची भाटी, म्हणजे मादी मांजर, वय सात महिने. नसबंदीची वेळ मीच ठरवून दिली होती, तीही महिनाभर मागे लागून.

मेसेज वाचला. वर "अनेकदा पुढे पाठवलेला" अशी पट्टी, खाली हात जोडलेली चित्रं. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही. मजकूर थोडक्यात असा: मांजर एकदा तरी व्यायलाच हवी. ऑपरेशन केलेली मांजर उंदीर धरत नाही. खायला घातलं की ती आळशी होते, म्हणून उपाशी ठेवा. पिल्लं जास्त झाली तर शेतात सोडून द्या, मांजर कुठेही जगते. लस कुत्र्याला लागते, मांजरीला नाही. आणि घरात गरोदर बाई असेल तर मांजर हाकलून द्या.

क्रमाने जात नाही. आधी ते "कुठेही जगते" घेते, कारण वाचून डोकं तिथेच फिरलं.

मागच्या पावसाळ्यात बांधावर एक खोकं सापडलं होतं. आत तीन पिल्लं, डोळे नुकते किलकिले झालेले, म्हणजे फार तर दोन आठवड्यांची. शेजारी वाटीत दूध. ठेवणाऱ्याला दया आली असणार, पण एवढ्या पिल्लाला वाटीतून पिता येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. दुधात मुंग्या तरंगत होत्या. या वयाच्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आईने चाटल्याशिवाय लघवीसुद्धा होत नाही. एक पिल्लू हातात घेतलं तेव्हाच गार लागलं. दुसरं संध्याकाळी गेलं. तिसऱ्याला दर दोन-तीन तासांनी पाजत रात्री काढल्या. ते जगलं.

तीन पिल्लांवरून काय ठरवायचं, असं कोणी म्हणेल. बरं, मग 169 घ्या. अमेरिकेत पशुवैद्यकांनी मोकाट मांजरींच्या 169 पिल्लांवर नजर ठेवली आणि 2004 मध्ये निष्कर्ष छापले. सहा महिन्यांच्या आत त्यातली 127 मेली किंवा नाहीशी झाली. चारातली तीन! मृत्यूचं कारण कळलं तिथे सगळ्यात जास्त वेळा आढळली ती इजा, म्हणजे कुत्री आणि वाहनं वगैरे. आणि या पिल्लांजवळ त्यांची आई होती. खोक्यातल्यांचं काय होत असेल ते सांगायला अभ्यास नको.

आता आमच्या बाजूचंही एक सांगून टाकते. "एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख मांजरं" हा आकडा नसबंदीवाले उत्साहाने फिरवतात. तो फुगवलेला आहे. सगळी पिल्लं जगली आणि सगळी व्याली तरच तो येतो. तसं होत नाही, कारण बहुतेक पिल्लं मरतात. माझं म्हणणं नेमकं तेच आहे: मांजरांनी गाव भरून जात नाही, ती गावाच्या कडेला मरत राहतात आणि आपल्याला दिसत नाहीत.

"एकदा तरी व्यायलाच हवी" याला काडीचा आधार नाही. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते, साधारण 63 ते 65 दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाची होण्याआधी नसबंदी झाली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही खूप उतरतो. बोक्याची नसबंदी केली तर तो कमी भटकतो, कमी भांडतो आणि कानाचं कातडं जागेवर राहतं.

उंदरांचं म्हणाल, तर मांजर उंदीर दातांनी आणि नखांनी धरते, गर्भाशयाने नाही. हां, पिल्लं पाजणारी भाटी जास्त शिकार करते, हे खरं. पिल्लांची पोटं भरायची असतात तिला. पण त्यासाठी वर्षात दोनदा पिल्लं मरायला सोडायची, हा कुठला हिशेब?

उपाशी ठेवण्याचा सल्ला तर गंमतच आहे. चार्ल्स एल्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेतावरच्या मांजरांवर 1953 मध्येच लिहून ठेवलंय. उंदीर आधी दुसऱ्या उपायांनी हटवले, तर मांजरं ती जागा उंदरांपासून राखतात. आधीच माजलेले उंदीर मात्र त्यांच्याने संपत नाहीत. आणि मांजरं जागेवर टिकावीत म्हणून त्यांना रोज वरून दूध दिलं जात होतं. (बऱ्याच मोठ्या मांजरींना दूध पचत नाही, म्हणून आपण दुसरं काही द्यावं.) म्हणजे कोठाराजवळ मांजर हवी असेल तर तिला तिथेच खाऊ घाला. उपाशी मांजर लांब जाते, शेजाऱ्याच्या ओट्यावर चढते, नाहीतर विष खाल्लेला उंदीर खाते. ते विष उंदरासोबत तिच्याही पोटात जातं.

लशीचं एका दमात सांगते. माणसाला रेबीज बहुतेक वेळा कुत्र्यापासून होतो, हे बरोबर. मांजरीपासून होतच नाही, हे साफ चूक. मनीला लस द्यायचीच. मांजर चावली तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गरोदरपणाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून येऊ शकतो आणि गर्भाला धोका असतो. पण विष्ठेतून बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. घाण रोज, दुसऱ्या कोणीतरी काढावी. कच्चं राहिलेलं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो येतो, त्यांना मात्र कोणी हाकलत नाही. मातीत काम करताना हातमोजे घालावेत. मांजर घरातच राहू दे.

मेसेजमधला प्रत्येक सल्ला मांजर पाळणाऱ्याचं एकेक काम वाचवतो, हे लक्षात आलं का? ना दवाखाना, ना लस, ना रोजचं खाणं.

आत्या, हे तुलाच पाठवतेय, आणि तुला तो मेसेज पाठवणाऱ्या काकांनाही पाठव. मनीची वेळ मी पुन्हा घेतली आहे, गुरुवारची. डॉक्टर सांगतील त्या वेळेनंतर तिला खायला देऊ नकोस, कितीही पायात घोटाळली तरी. आणि झाकणाची टोपली शोधून ठेव. मागच्या वेळची पिशवी तिने अर्ध्या रस्त्यात फाडली होती.