रेशनच्या तांदळातले ते दाणे प्लास्टिकचे नाहीत

‘रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे मिसळतात, ते पाण्यावर तरंगतात, त्या भाताचा गोळा चेंडूसारखा टप्पे घेतो, त्यातले लोह घातक असते, म्हणून ते वेचून फेका’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि घरात गरोदर सून असताना ती सुपात तांदूळ घेऊन नेमके तेच दाणे निवडून टाकू लागली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, ते यंत्रातून तांदळाच्या आकारात काढून वाळवतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात साध्या तांदळात घालतात. यालाच गुणसंवर्धित तांदूळ म्हणतात. घडवलेल्या दाण्यात हवेच्या बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे काही दाणे तरंगतात; त्यात नवल काहीच नाही. गोळा टप्पे घेतो तो स्टार्चच्या चिकटपणामुळे, आणि साध्या भाताचा घट्ट वळलेला गोळाही तसाच वागतो. ज्याला खात्रीच करायची असेल त्याने तो दाणा भिजवून चुरडावा आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. स्टार्च निळा-काळा होतो, प्लास्टिक होत नाही. ही परीक्षा शाळेच्या प्रयोगवहीत असते, तरी मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणाला ती आठवू नये याचा संताप येतो.

खरे नुकसान आहे ते ‘वेचून फेका’ या सल्ल्यात. शंभरातला तो एक दाणा काढला की मिसळलेले सगळे पोषण त्याच्याबरोबर उकिरड्यावर जाते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकांनुसार किलोभर तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असते. दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला त्यातून चार ते सहा मिलिग्रॅम लोह मिळते, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी सांगितलेली रोजची मात्रा २९ मिलिग्रॅम आहे. मग ‘घातक’ ते काय? रक्तातले हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही, गर्भाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या काही आठवड्यांत फॉलिक ॲसिडवर अवलंबून असते, आणि बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसल्याने शाकाहारी घरांत त्याची उणीव सर्रास आढळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, त्या राज्यात हा सल्ला फिरतो आहे.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांना वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साठते. म्हणून प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत त्यांच्यासाठी आणि सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांसाठी पाकिटावर सूचना छापण्याची अट होती. पुढे २०२४ मध्ये केंद्र सरकारने हा तांदूळ या रुग्णांनाही सुरक्षित असल्याचे स्पष्ट केले, तरी अशा रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारावे. एवढ्या तांदळाने रक्तक्षय बरा होतो असेही नाही, त्यामुळे गरोदरपणात दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात.

तांदूळ धुताना तरंगलेले दाणे पाण्याबरोबर ओतून देऊ नयेत, आणि भात बेताच्या पाण्यात शिजवावा. पेज काढून टाकली तर जीवनसत्त्वांचा काही भाग तिच्याबरोबर जातो.