‘माजी विद्यार्थी: एक’ (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कायदा-विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीसोबत मेंटॉर (मार्गदर्शक) आणि माजी विद्यार्थ्यांचं पाठबळही हवं, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पैसे दिले की काम झालं, मेंटॉर आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे ही हौस. तुमच्या ग्रुपने एका मुलीला १०,००० डॉलर दिले, तर लॉ स्कूलने स्वतःचं अनुदान तेवढंच कापलं, मग उपयोग काय? आणि गरीब गोऱ्या मुलांचं काय?

आधी ‘हौस’. हेमन स्वेट हा ह्यूस्टनचा पोस्टमन. १९४६ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलने त्याला केवळ वर्णामुळे नाकारलं. तो कोर्टात गेल्यावर राज्याने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ स्कूल काढलं. १९५० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने दोन्हीकडची मोजदादच मांडली: इकडे ८५० विद्यार्थी आणि ६५,००० ग्रंथ, तिकडे २३ विद्यार्थी, १६,५०० ग्रंथ आणि टेक्सासच्या बारमध्ये दाखल झालेला, म्हणजे वकिलीची सनद मिळालेला माजी विद्यार्थी, एक. स्वेट जिंकला तो नुसत्या पुस्तकांच्या हिशेबावर नव्हे. माजी विद्यार्थ्यांचं वजन आकड्यात मांडता येत नाही, पण लॉ स्कूलची किंमत त्यातूनही ठरते, असं कोर्टाने स्पष्ट लिहिलं.

पैसे तर तेव्हाही मिळत. दक्षिणेतली काही राज्यं कृष्णवर्णीय मुलांची परराज्यातली फी भरायला तयार असत, कारण आपल्या लॉ स्कूलच्या पायरीवर ती नको होती. मिसूरीची ही पळवाट १९३८ मध्ये गेन्स खटल्यात बुजली. शिष्यवृत्ती दाराबाहेर ठेवायलाही वापरता येते.

आता तुमचे १०,०००. लॉ स्कूल वर्षाचा एकूण खर्च ठरवतं आणि सगळी मदत मिळून त्याच्या वर जाऊ देत नाही. बाहेरचा चेक आला की काहीतरी कापलं जातं, प्रश्न एवढाच की काय. म्हणून चेक पाठवण्याआधी आर्थिक मदत कार्यालयाकडून लेखी घ्या की आधी कर्ज कमी होईल, अनुदान नाही. तुमच्या पत्रातही ती अट घाला. सेमिस्टर सुरू झाल्यावर हे मागून फारसं काही हाती लागत नाही. फी आणि सक्तीच्या पुस्तकांवर गेलेल्या शिष्यवृत्तीला कर नाही, घरभाड्यावर गेली तर ती करपात्र. मुलीला हे एप्रिलमध्ये रिटर्न भरताना कळू नये.

लॉ स्कूलच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीतही मेख असते. ‘३.० जीपीए (सरासरी गुणांक) टिकवा’ वाचायला सोपं. पण पहिल्या वर्षाचे मार्क कर्व्हवर बसवतात, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरवतात. त्या वर्गाचा मध्य ३.० ला बांधलेला असेल, तर जवळजवळ निम्मा वर्ग त्याखाली जाणारच, कितीही अभ्यास करो. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या नियम ५०९ खाली प्रत्येक लॉ स्कूलला अशा किती शिष्यवृत्त्या कापल्या हे जाहीर करावं लागतं. सही करण्याआधी तो तक्ता उघडावा.

मेंटॉर लागतो तो इथेच. बहुतेक विषयांत अख्ख्या सेमिस्टरचा निकाल डिसेंबरच्या एका पेपरवर. घरात वकील नसलेली मुलं केसेसचे सारांश पाठ करतात, परीक्षक मात्र नव्या प्रसंगाला नियम लावून दाखवा म्हणतो. त्यामुळे जानेवारीत चहापानाला भेटणारा मेंटॉर उशिराचा. तो ऑक्टोबरात जोडून द्यावा, आणि नोव्हेंबरात विद्यार्थ्याने वेळ लावून लिहिलेलं एक जुन्या पेपरचं उत्तर त्याने ओळीओळीने तपासावं. त्याच प्राध्यापकाच्या विषयाच्या जुन्या आउटलाइन्स (अभ्यासक्रमाचे आराखडे) सीनियरकडून मिळाल्या तर आठवडे वाचतात. कृष्णवर्णीय कायदा-विद्यार्थ्यांची संघटना १९६८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात सुरू झाली. तिच्या शाखा आज जे करतात, त्यातलं हे सर्वांत कमी दिसणारं आणि सर्वांत उपयोगी काम.

माजी विद्यार्थ्यांचा पैसा खरा कमी पडतो तो शेवटी. पदवी मे महिन्यात, बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या सनदेची परीक्षा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पगार त्यानंतर कधीतरी. मधले दहा आठवडे पूर्णवेळ अभ्यास, क्लासची फी हजारोंत, आणि त्या काळातल्या राहण्या-जेवणाला फेडरल कर्ज नाही. या दिवसांत नोकरी धरणाऱ्याची नापास होण्याची शक्यता वाढते, आणि पुढची परीक्षा थेट फेब्रुवारीत.

गरीब गोऱ्या मुलांचा मुद्दा: इथे माझा लेख अपुरा होता. २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यात प्रवेशातला वंशाचा निकष बाद केला. ऑगस्टमध्ये दोन बड्या लॉ फर्म्सवर त्यांच्या फेलोशिपबद्दल दावे झाले, त्यांनी त्या सर्वांना खुल्या केल्या. आज फक्त वंशावर राखीव निधी काढणं म्हणजे दावा ओढवून घेणं. घरातली पहिली पदवीधर, उत्पन्न, नागरी हक्कांच्या कामाची बांधिलकी असे निकष ठेवा. त्यात गरीब गोरा मुलगाही बसतो. पण देशात कृष्णवर्णीय वकील जेमतेम ५ टक्के, लोकसंख्येत वाटा साधारण १३. तेव्हा अर्ज कुठे पोहोचवायचा हे ठरवताना हॉवर्डसारख्या (हार्वर्ड नव्हे, मुळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं विद्यापीठ) लॉ स्कूलला विसरू नका.

‘पैसे दिले की झालं’ याला आपल्याकडचाच दाखला आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. १९२० मध्ये परत जाताना शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज.

पुढचे १०,००० देणार असाल तर ७,००० तीन वर्षांत वाटा आणि ३,००० बार परीक्षेच्या त्या दहा आठवड्यांसाठी मागे ठेवा. तो चेक पदवीच्या वर्षी १५ मेच्या आत तिच्या हातात पडू दे.