तडा गेलेल्या घरावर कर्ज मिळतं: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

यवतमाळ-वाशीम भागातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: भिंतीला तडा असलेल्या जुन्या घरावर कोणतीच बँक कर्ज देत नाही. म्हणून व्हॅल्युअर (बँकेसाठी घराची किंमत ठरवणारा माणूस) यायच्या आधी तडे सिमेंटने भरून रंग मारून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असला की कागदांचं काम संपलं. विमा काढला की पुढे भिंत फाटली तरी चिंता नाही. आणि खरं म्हणजे काळ्या मातीतलं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधणं हाच एक उपाय. खाली "सर्व घरमालकांपर्यंत पोचवा" असं लिहिलेलं आहे आणि लोकांनी ते मनावर घेतलं आहे. घर विकणारा घाबरून पडत्या भावात देतो, घेणारा सावकाराकडे जातो. म्हणून या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासलं पाहिजे.

"तडा असेल तर कोणतीच बँक कर्ज देत नाही."

असा सरसकट नियम नाही. तो असता तर वर्धेपासून बुलढाण्यापर्यंत काळ्या मातीवरच्या फारच थोड्या जुन्या घरांवर कर्ज झालं असतं. आपल्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर आहे. पाणी मिळालं की ही माती फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस लागला की मिटतात, हे ज्यानं पाहिलं त्याला भिंतीत काय होतं ते कळायला वेळ लागत नाही. घराच्या मधल्या भागाखालची माती दमट राहते, बाहेरच्या कडेची सुकते. कोपरे खाली बसतात आणि दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर वर चढते.

बँकेला चिंता असते ती वेगळ्याच गोष्टीची: घर बसून गेलं आहे, की अजून बसतं आहे? चाळीस वर्षांपूर्वी बांधलेलं घर पहिल्या काही वर्षांत बसलं, तडे गेले आणि तेव्हापासून ते तेवढेच आहेत, तर ती जुनी, थांबलेली हालचाल. भारतीय मानक ब्युरोची भेगांवरची पुस्तिका आहे, एसपी २५, सन १९८४ ची. तिच्यात १ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, १ ते २ मध्यम आणि २ च्या वर रुंद धरली आहे. पण नुसत्या रुंदीवर निकाल लागत नाही. चिरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का, चीर पायापर्यंत गेली आहे का, तुळईचा टेकू सरकला आहे का, हेही जाणकार माणूस पाहतो.

चालू हालचाल किती भयंकर असू शकते ते चंद्रपूर जिल्ह्याने पाहिलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. तिथे बँकेने हात आखडता घेतला तर तिला दोष देता येणार नाही. पण तो प्रकार आणि दारव्ह्याच्या एखाद्या घरातली पंचवीस वर्षांची चीर यांना एकाच मापाने मोजणं हा अन्याय आहे.

थांबलेल्या हालचालीच्या घराला बहुधा कर्ज नाकारलं जात नाही, कमी मिळतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. ही वरची मर्यादा आहे, हक्क नव्हे. व्हॅल्युअरने तड्यांमुळे किंमत कमी धरली की रक्कम त्या मानाने खाली येते. बँका इमारतीचं शिल्लक आयुष्यही पाहतात. कर्जाची मुदत त्याच्या आत बसावी लागते. मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर असेल तर मात्र गोष्ट खरोखर अवघड आहे. तिथे मेसेज निम्मा खरा आहे आणि मी ते झाकणार नाही.

"व्हॅल्युअर यायच्या आधी सिमेंट भरून रंग मारा."

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं.

अनुभवी व्हॅल्युअर टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकतो. नव्या गिलाव्याची पट्टी त्या उजेडात उठून दिसते. चौकटीचा वरचा कोपरा पाहतो, दार लावून बघतो, कॅलेंडर उचलून मागे डोकावतो. चार भिंती जुन्या आणि एकच ताजी रंगवलेली दिसली की त्याचा संशय पक्का होतो आणि अहवालात जे लिहिलं जातं ते साध्या तड्यापेक्षा वाईट असतं. बरं, कडक सिमेंट हलत्या भिंतीत टिकतही नाही. पुढच्या उन्हाळ्यात चीर त्याच जागी किंवा शेजारी पुन्हा उघडते. घर विकायचं असेल तर आणखी एक अडचण आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने तो सांगायचा असतो. मुद्दाम झाकलेला तडा त्यातच येतो.

त्याऐवजी तडा मोजा. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करा आणि शेजारी भिंतीवरच तारीख लिहा. भिंत हलली तर काच तडकते. सोबत चिरेच्या दोन टोकांना पेन्सिलीने खुणा करा आणि पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढा. हे मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि सप्टेंबरात एकदा करा. एकाच हंगामात मोजलं तर फसगत होते, कारण ऑगस्टमध्ये मिटलेली चीर मे महिन्यात बोट जाईल एवढी असू शकते. थोडं उघडणं-मिटणं काळ्या मातीत चालायचंच. दरवर्षी थोडी थोडी वाढत जाणारी चीर मात्र इंजिनिअरला दाखवलीच पाहिजे.

जुना पुरावाही शोधा. एका घरी काकाजी व्हॅल्युअरला म्हणाले, "हे चीर माह्या लग्नाच्या आधीची हाये, भाऊ." तोंडी बोलण्यावर अहवाल होत नाही. मग काकूंनी पेटीतून हळदीचा फोटो काढला. ओसरीत बसलेल्या बायकांच्या मागे तीच भिंत, खिडकीच्या त्याच कोपऱ्यातून निघालेली तीच चीर, आणि ती संपत होती ती देवळीच्या खाली, आज संपते तिथेच. तो फोटो स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या स्थैर्य प्रमाणपत्राला जोडला गेला आणि बँकेला हवं ते उत्तर मिळालं.

दुरुस्ती करायचीच तर आधी पाण्याची करा. मोरीचं पाणी पायाशी मुरतं का, शोषखड्डा भिंतीला लागून आहे का, पागोळ्या थेट जोत्याशी पडतात का? घराभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी करा. भिंतीलगत मोठं झाड असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय तोडू नका. झाडाने शोषलेलं पाणी एकाएकी थांबलं की माती उलट फुगते. एवढं करून एक पावसाळा गेला की मग चीर भरा आणि काय केलं त्याची पावती ठेवा. घर दुरुस्तीचं कर्जही मिळतं, ते बहुतेक वेळा काम पाहून टप्प्याटप्प्याने देतात.

"नमुना ८ असला की पुरे."

नाही. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. खेड्यात कर्ज अडतं ते तड्यापेक्षा इथेच जास्त. आजोबांच्या नावावरचं घर, वारसांची नोंद नाही, दोन भाऊ पुण्यात, एका बहिणीची सही बाकी. खरेदीखत, वारस, चतुःसीमा हे सगळं बँकेचा वकील पाहतो. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर ती आधी काढा. घर शेतजमिनीवर असेल तर वेगळी अडचण आहे. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणारा सरफेसी कायदा, २००२ शेतजमिनीवरच्या तारणाला लागू होत नाही, म्हणून बँका तिथे मागे सरतात.

"विमा काढला की चिंता नाही."

१ एप्रिल २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत जमीन खचणं आणि दरड कोसळणं येतं. पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि त्याच्या भेगा, भरावाच्या जमिनीची हालचाल, सदोष रचना किंवा साहित्य हे त्यातून वगळलेलं आहे. विमा जरूर काढा, पण वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा.

"पाडा आणि स्लॅबचं बांधा."

माती तीच राहिली तर नवं घरही तडकतं. जुनं गावठाण पुष्कळ ठिकाणी पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीवर आहे आणि नवे प्लॉट काळ्या वावरात पडले आहेत, म्हणजे नवं घर कित्येकदा जास्त वाईट मातीवर उभं राहतं. बांधण्याआधी मातीचा फुगवटा तपासून घ्या. चाचणी साधी आहे: चाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, आणि २४ तासांनी दोन्हींची उंची मोजायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, तो फरक म्हणजे तुमच्या प्लॉटचा स्वभाव. मुरूम जवळ असेल तर पाया मुरमापर्यंत न्या. काळी खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले, तळाशी फुगीर असलेले खांब लागतात. भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागाने अशा मातीत त्या किमान साडेतीन मीटर खोल न्यायला सांगितल्या आहेत. हा खर्च न धरता तीन फुटांच्या पायावर स्लॅब टाकणारा माणूस जुना तडा पाडून नवा विकत घेतो.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही, ती मी घालतो. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत ते आहे, कर्ज लहान असो की मोठं. काउंटरवर "तडा आहे, होत नाही" एवढं ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. दिलं नाही तर आधी बँकेकडे तक्रार करा आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. लोकपाल कर्ज मंजूर करून देणार नाही. पण कारण कागदावर आलं की इंजिनिअरला नेमकं कशाचं उत्तर द्यायचं ते कळतं आणि दुसऱ्या बँकेत जाताना तुमच्या हातात काचपट्टीच्या तारखा, फोटो आणि ते उत्तर असतं.