एसीत बसून लिहिणाऱ्याचं उत्तर

'स्पष्टवक्ता' यांस,

गाडी कोणती घ्यावी या माझ्या लेखाखाली बाकीच्यांनी मायलेजवर लिहिलं, वेटिंगवर लिहिलं, दसऱ्याच्या डिस्काउंटवर लिहिलं. तुम्ही माझ्यावर लिहिलंत. ठीक आहे. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो: माझ्या भाच्याला नवी गाडी घ्यायची होती, आणि मी त्याला म्हटलं होतं की किंमत, जागा, सर्व्हिस सगळं उन्नीस-बीस असेल तर मालक इथला असलेल्या कंपनीची घे, त्यानं इथला रोजगार टिकतो. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी:

"साहेब, ह्युंदाई चेन्नईजवळ बनते, किया अनंतपूरला, मारुती गुरगावला. तिथं काय कोरियन आणि जपानी येऊन नटबोल्ट आवळतात? तुमच्या टाटा-महिंद्राच्या गाड्या तरी कुठं नागपुरात बनतात? आमच्या पोरांना दोघांकडूनही शोरूममधली तुटपुंज्या पगाराची नोकरीच. इलेक्ट्रिक गाडीतले सेल बाहेरून येतात, ते बरे चालतात. एसीत बसून स्वदेशीचे उपदेश झोडणाऱ्यांनी कधी कारखान्याचं तोंड तरी पाहिलंय का? आणि स्वतः कोणती गाडी चालवता तेही सांगून टाका."

मत पटलं नाही म्हणून कोणी लिहिलं तर मला राग येत नाही. इथं अनेक वर्षं लिहितोय, लोकांनी मला कांद्याच्या भावापासून मेट्रोच्या खांबांपर्यंत सगळ्यावर धुतलंय. पण मी "उन्नीस-बीस असेल तर" असं लिहिलं होतं. ही अट तुम्ही सोयीस्कर गिळलीत आणि उरलेल्याला उपदेश म्हणालात. मामानं भाच्याला सल्ला द्यायचा नाही तर कोणी द्यायचा? तुम्ही एवढे काहून चिडून राहिले तेच मला समजलं नाही.

आता कारखान्याचं तोंड.

माझे वडील नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, होते. मालकासकट दहा-बारा माणसं, काही लेथ, एक मिलिंग, एक म्हातारं ड्रिलिंग मशीन. मे महिन्यात पत्र्याखाली असा उकाडा की कूलंटचा फवारा अंगावर उडाला तर बरं वाटावं. ट्रॅक्टरच्या पिना आणि बुश व्हायच्या. मोठ्या कारखान्याला माल देणारा एक पुरवठादार, आणि त्याच्या हाताखाली आमचा शेड, जॉबवर्कवर. ट्रॅक्टरवर ज्याचं नाव असायचं त्यानं आमचं नाव कधी ऐकलंही नसेल. कॉलेज सुटलं की मीही तिथं बसायचो. माझ्याकडं गेज लावायचं, म्हणजे पिनेची जाडी तपासायचं काम. 'गो' रिंगमध्ये पिन सरळ गेली पाहिजे, 'नो-गो'मध्ये शिरता कामा नये. 'गो'त अडकली तर पुन्हा लेथवर चढवता येते. 'नो-गो'त शिरली म्हणजे बारीक झाली, आणि बारीक झालेली पिन ब्रह्मदेव आला तरी जाड होत नाही. तिला लाल ठिपका, आणि भंगारच्या ट्रेमध्ये. कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, राहिली आहे का ते वडील अंगठ्याच्या नखानं बघायचे, डोळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. सबंध लॉट परत आला की आठवड्याचा ओव्हरटाइम फुकट गेला समजायचं.

पुढं मी दुसऱ्या एका युनिटमध्ये परचेस आणि डिस्पॅच बघितलं. चलन, गेटपास, ट्रान्सपोर्टवाल्याशी नागपूरच्या वाडीत हुज्जत, सगळं केलंय. हो, आज घरी एसी आहे. हप्त्यानं घेतला. त्यात बसून लिहिलेलं खोटं ठरत असेल तर मे महिन्यात नागपुरात कोणी खरं बोलूच नये.

हे सगळं पुराण एवढ्यासाठी लावलं की तुमच्या नटबोल्टाच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेडमध्येच आहे. एकदा आमच्या एका पिनेच्या टोकाला विनाकारण अवघड चॅम्फर, म्हणजे कडेला तिरका उतार, दिला होता. वेळ जायचा, लेथचे इन्सर्ट (कापायची पाती) तुटायचे, रिजेक्शन वाढायचं. शेडच्या मालकानं दोन नमुने पिशवीत टाकले, स्कूटर काढली आणि ते ड्रॉइंग करणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्यानं पेन काढलं, रेघ बदलली, खाली सही केली. दुपारच्या चहापर्यंत मालक परत. आता दुसरी गोष्ट. मी ज्या युनिटमध्ये होतो त्याला एका परदेशी कंपनीच्या भारतातल्या कारखान्याचं काम मिळालं. गाड्यांचं नव्हे, यंत्रांचं; नाव घेत नाही. मालकानं कर्ज काढून सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घेतलं, त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणं फिक्स्चर, म्हणजे पार्ट पकडून ठेवायचा साचा, करवून घेतलं, आयटीआयची पोरं ठेवून शिकवली. तिथल्या ड्रॉइंगवरची रेघ हलवायची म्हणजे विनंती त्यांच्या पुण्याच्या ऑफिसला, पुण्याहून परदेशातल्या मुख्यालयाला, आणि उत्तर यायच्या आत लॉट संपलेला. मग एक दिवस मुख्यालयात काहीतरी ठरलं आणि इथली लाइनच बंद. पुण्याच्या साहेबालाही ते आमच्यासारखंच ईमेलवरून कळलं. ते फिक्स्चर दुसऱ्या कुठल्याच पार्टला बसलं नाही. मशीनचा हप्ता तेवढा महिन्याच्या महिन्याला बसत राहिला.

तेव्हा स्पष्टवक्ते, नटबोल्ट आवळणारा हात दोन्हीकडं आपलाच आहे, हे सांगायला तुम्ही यायला नको होतं. लाइन बंद करायचं कुठं बसून ठरतं, ते बघा. जनरल मोटर्सनं 2017 मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि 2020 च्या डिसेंबरात तळेगावला बनवणंही थांबवलं. फोर्डनं सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं. कंपनीचे स्वतःचे चार हजारांच्या आसपास कामगार, आणि मागं पुरवठादार, त्यांच्याही मागं आमच्यासारखे शेड, ज्यांची मोजदाद कोणी करत नाही. कारखान्यांत काही खोट नव्हती. फोर्डचा साणंदचा कारखाना पुढं टाटांनी घेतला, तळेगावचा ह्युंदाईनं. (हो, ह्युंदाईनं. तुम्ही यावर उड्या माराल म्हणून मीच सांगून टाकतो.) पण कारखाना विकला जाईपर्यंतच्या काळात ज्याच्या घरी पगार आला नाही त्याला ती भरपाई कोणी दिली नाही.

यात देशप्रेमाचा ढोल नाही, बरं का. उलटं उदाहरण देतो. टाटा स्टीलनं 2024 मध्ये वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या उरलेल्या दोन्ही झोतभट्ट्या बंद केल्या. तोटा होत होता, हिशेब बरोबरच असेल. हजारोंच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, आणि मालक मुंबईत. तिथल्या कामगाराला जाऊन तुमचं वाक्य ऐकवा, की मालक कुठलाही असो, काम तर इथलाच माणूस करतो. जमशेदपूरच्या भट्ट्यांवर असा निर्णय घ्यायची वेळ आली असती तर तो इतक्या सहज झाला असता असं मला वाटत नाही. मालकाचं घर जिथं असतं तिथला कारखाना तो सगळ्यात शेवटी बंद करतो. कोरियन मालकही तेच करेल, जपानीही, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

पैशाचंही तसंच. ऑक्टोबर 2024 मध्ये ह्युंदाईच्या भारतातल्या कंपनीचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकायचा इश्यू, आला, 27,870 कोटी रुपयांचा, तोवरचा देशातला सर्वांत मोठा. त्यात एकही नवा शेअर नव्हता. कोरियातल्या पालक कंपनीनं आपल्या हिश्शाचा तुकडा विकला, पैसा तिला मिळाला. हिस्सा तिचा, हक्क तिचा, माझी तक्रार नाही. पण 1998 मध्ये सँट्रो आल्यापासून इथल्या गिऱ्हाइकानं, इथल्या मेकॅनिकनं आणि इथल्या कामगारानं मिळून जी पत उभी केली तिची किंमत त्या रकमेत होती, आणि चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या त्यांच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला त्यातला रुपया आला नाही. 

एक गोष्ट तुमची मान्य करतो. मारुतीला सरसकट परदेशी म्हणणं माझ्याही जिवावर येतं. 1983 च्या डिसेंबरात पहिली 800 बाहेर पडली, आणि तिच्यापाठोपाठ पुरवठादारांचं जे जाळं तयार झालं त्याच्यावर पुढं सगळ्यांनी आपले कारखाने चालवले, टाटा-महिंद्रांनीसुद्धा. निम्म्याहून जास्त मालकी सुझुकीकडं आहे, रॉयल्टी तिकडं जाते ती वेगळी. पण आज मारुतीची फ्रॉन्क्स भारतात बनून जपानला विकायला जाते हेही खरं. शांघायहून जहाजानं येणाऱ्या टेस्लाच्या रांगेत तिला बसवणं अन्याय आहे. (एमजीला कुठं बसवायचं ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. नाव ब्रिटिश, मालकी चिनी आणि भारतीय, कारखाना गुजरातेत हलोलला, तोही जनरल मोटर्सनं सोडलेला.) बघा, मान्य केलं ना? सभ्य भाषेत सांगितलं असतंत तर पहिल्याच परिच्छेदात केलं असतं.

आता नागपूर. पुण्याची गाडी अमरावती रोडनं वाडीवरून येते, चेन्नईची हैदराबादकडून बुटीबोरीवरून, दोन्ही ट्रेलरवर चढूनच येतात, म्हणून तुम्हाला दोन्ही सारख्याच दिसतात. पण महिंद्राचे ट्रॅक्टर हिंगण्यात बनतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं, की माहीत असून विसरलात? ट्रॅक्टर म्हणजे कार नव्हे, एवढं मलाही कळतं. तरी घर एकच आहे; एका खोलीत पैसा आला की दुसऱ्या खोलीत दिवा लागतोच. सिएटचे टायर बुटीबोरीत होतात. यापेक्षा जास्त फोड करत बसत नाही.

सेलचा मुद्दा वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. शोरूममधल्या पगारांबद्दल तुम्हाला वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण ते पगार मी ठरवत नाही. 

माझी गाडी टाटाची आहे, सेकंडहँड. सेकंडहँड गाडीतून कुठल्याच कारखान्याला चार आणे मिळत नाहीत, हे तुमच्या आधी माझ्या बायकोनं सांगून झालंय. तिची ॲक्टिव्हा होंडाची आहे. ती बदल असं तिला सांगायची माझी हिंमत नाही. तुम्ही स्पष्टवक्ते आहात, तुम्ही या आणि सांगा. आणि हो, भाच्यानं कियाच बुक केली. सनरूफ पाहिजे होतं म्हणे. आता नाचा.

रात्री उशिरा आलेली तुमची दुसरी प्रतिक्रिया मी रोखून ठेवली आहे. फोर्ड गेल्यावर सुटे भाग कुठून येतात, हा तिच्यातला प्रश्न चांगला आहे आणि त्यावर लिहायला मला आवडेल. पण माझ्या वयावरून जे लिहिलंय ते आधी काढा, खाली स्वतःचं खरं नाव टाका आणि मग पाठवा. टोपणनावानं दुसऱ्याचा बाप, वय आणि गाडी काढायला काही लागत नाही, बाप्पा.